आई आठ कॅमेऱ्यांसमोर चालली तेव्हा

मी जात्याच भित्री. रिक्षावाल्यानं जरा वेगळा रस्ता घेतला तरी माझ्या छातीत धडधडतं. पण माणसांचं चालणं मोजायचं काम मात्र मी इतकी वर्षं न घाबरता केलं. अमरावतीत आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात त्यासाठी एक लांबट खोली आहे. भिंतींवर आठ कॅमेरे, जमिनीत पावलाचा दाब मोजणारी पाटी. गुडघा दुखावलेले खेळाडू येतात, तिरकं चालणारी लेकरं येतात. पडद्यावर कुणाचं कितीही बिघडलेलं चालणं दिसलं तरी मी निवांतपणे आकडे उतरवून घ्यायची. ते दुसऱ्यांचे पाय होते ना.

मग तिकडे अकोल्यात आई पडायला लागली. एकदा अंगणात, एकदा भाजीबाजाराच्या रस्त्यावर. फोनवर म्हणाली, "काही नाई झालं व, दगड होता." असेलही दगड. पण मला मामा आठवला.

मामाची मोर्शीला संत्र्याची बाग होती. बागेतून चालताना त्याची एक चप्पल मागं राहायला लागली. पायाचा चवडाच उचलेना. आम्ही भाचरं हसायचो, "मामा, चप्पल कोनासाठी ठेवून राहिले?" तोही हसायचा. ते दुखणं पायाचं नव्हतंच, मेंदूचं होतं. पायातून ते हातात आलं, मग चेहऱ्यावर, मग आवाजात. शेवटी त्याला कूस बदलायलाही माणूस लागायचा. आणि आई त्याची सख्खी बहीण.

तिला आधी आपल्याच खोलीत मोजायचं असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर डॉक्टरच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती.

शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर, ती एसटीनं आली. माझी ट्रॅकपँट आणि कुर्ता घालायला लावला तर म्हणाली, "ह्या वयात मले कबड्डी खेळवतं का?" मी तिच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना बोराएवढे करडे गोळे चिकटवले. कॅमेऱ्यांमधून न दिसणारा उजेड निघतो, तो गोळ्यांवरून परत फिरतो आणि कॉम्प्युटर ते ठिपके जोडून काड्यांचा माणूस चालवतो. कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. जे चमकेल त्याला तो गोळा समजतो. म्हणून अंगावरचं सगळं चमकणारं आधी काढावं लागतं.

आईनं घड्याळ काढलं. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत गेलं. गाडी अडली ती जोडव्यांपाशी.

"तुहे बाबा हायेत अजून," ती म्हणाली. "हे निंगनार नाई."

बाबांच्या हृदयात मागच्या वर्षी स्प्रिंग बसवली, तेव्हापासून ती या बाबतीत फारच कडक झालेली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पायाचा एक गोळा नेमका त्या बोटाच्या मुळाशी लावावा लागतो, जोडव्याला अगदी खेटून. मी दोन्ही पायांच्या जोडव्यांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, तिला खुर्चीवर बसवलं आणि काचेच्या भिंतीपलीकडे कॉम्प्युटर लावायला गेले. मध्ये तिचा फोन वाजला. बाबांशी काहीतरी बोलली. मग मी हाक मारली आणि ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

डाव्या पायाची रेघ ठीक होती. उजव्याची बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाऊल हवेत असताना चवड्याची रेघ वर चढायला हवी. ती खालीच सरपटत होती. चवडा उचलतच नव्हता.

"झालं का व?" आईनं विचारलं.

"अजून एकदा चाल."

पुन्हा तेच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तेवढ्या दोन मिनिटांत मी आईला अंथरुणाला खिळवून मोकळी झाले. अकोल्याच्या घरात मधल्या खोलीतला पलंग, स्प्रिंग बसवलेले बाबा तिला कुशीवर वळवताहेत, आणि मी इथं अमरावतीत दुसऱ्यांचे गुडघे मोजत बसलेली. मला रडू फुटलं. काचेतून आई बघत होती म्हणून मी खाली वाकून पडलेली पेन्सिल शोधल्याचं सोंग केलं. पेन्सिल पडलीच नव्हती. बाबांना काय सांगायचं, किती सांगायचं, हे मी मनात जुळवायलाही लागले होते.

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी रेघा बंद करून नुसते ठिपके उघडले आणि एकेक चित्र पुढं सरकवत गेले. उजव्या पायाच्या बोटापाशी एक ठिपका हवा. तिथं दोन होते. पाय उचलला की कॉम्प्युटर खरा ठिपका सोडून पुढचा, खालचा धरत होता.

मी धावतच बाहेर आले. आईच्या उजव्या पायातलं जोडवं लख्ख चमकत होतं.

"पट्टी कुठाय?"

"काढली."

"काहून काढली?" माझ्या तोंडूनही घरचीच भाषा आली.

"तुह्या बाबाचा फोन आला. छातीत जळजळून राहिलं म्हने. मी खाली पाह्यलं तं जोडव्यावर पांढरं. सवाष्णीच्या पायात असं पांढरं? माहा तं जीवच उडाला."

आता आणखी एक भीती! मी तिथंच बाबांना फोन लावला. त्यांनी सकाळी कचोऱ्या हाणल्या होत्या, सोडा पिऊन बरं वाटलं होतं, आणि मागं क्रिकेटचा आवाज येत होता. मी आधी त्यांना झापलं, मग आईला झापलं, आणि मग खो खो हसत सुटले. खेळाडूंच्या गुडघ्याला लावायची हिरवी पट्टी कपाटात होती. हिरवं म्हटल्यावर आईची काही हरकत नव्हती. उजव्या जोडव्यावर हिरवी पट्टी लावून ती पुन्हा चालली आणि रेघ अशी सुरेख वर चढली की माझा जीव भांड्यात पडला.

"आई, तुझे पाय एकदम चांगले आहेत!" मी ओरडलेच. पडण्याचं कारण चष्मा असेल, दगड असेल, काहीही असो. मी तिला मिठी मारली, त्यात कमरेचे दोन गोळे निखळून कपाटाखाली गेले. ते काढायला मी आडवी पडले आणि तिथूनच तिला चिडवलं, "पांढऱ्याचं एवढं भ्या, तर मग एकाच पायाची का काढली? डाव्यानं काय तुझं घोडं मारलं होतं?"

"ते निंगालीच नाई," आई म्हणाली. "डाव्या हातानं लय पाह्यलं. बोटंच ऐकून नाई राहिले. आजकाल पोलक्याचे हुकबी उजव्याच हातानं लावा लागते."

"मग उजव्या हातानं काढायची."

"त्याच्यासाठी पाय वर घ्या लागते. तुहे बोरं पडले असते."

मी उठून बसले. गोळे माझ्या मुठीतच होते.

"आई, अंगठ्यावर हे बोट आपट. असं. भरभर."

उजव्या हातानं तिनं टकाटक आपटलं. डाव्या हाताचं बोट आधी बऱ्यापैकी उघडलं, मग थोडं, मग अगदी थोडं, आणि मग अंगठ्यालाच चिकटून राहिलं. मामाला झालेलं ते दुखणं हातापासूनही सुरू होऊ शकतं. हे मी शिकलेली आहे, पोरींना शिकवतेही. मामाचं पायापासून सुरू झालं म्हणून मी तिचे पाय मोजले. हातांना एकही गोळा लावला नव्हता.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"माह्या भावाचं पायापासून लागलं होतं नं?" तिनं हळूच विचारलं. म्हणजे तीही इतके दिवस तेच मनात घेऊन होती.

"हो."

"आन माहे पाय तं चांगले हायेत. आत्ताच म्हनली तू."

"हो."

"मंग आता काहून भेतं?" ती म्हणाली, आणि खरोखरच तिचा चेहरा सैल झाला. "हे डाव्या पायाचं पांढरं काढ पह्यले. मले पाह्यवत नाई."

मी तिच्या पायाशी बसले, म्हणजे माझं तोंड तिला दिसलं नसतं. पट्टीचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि ओढलं. जराही जोर न लावता पट्टी लगेच निघाली.