वर तीन थाऊ

काशीराम मिस्त्रींच्या उभ्या आयुष्यात स्लीव्ह एकदाच ढिली निघाली, आणि तीही माझ्या कानांमुळे.

मी भोरहून मॅट्रिक होऊन आलो, तेव्हा अंधेरीत कुर्ला रोडवर मिस्त्रींच्या शेडमध्ये लिहिता माणूस नव्हता. त्यांनी माझं अक्षर पाहिलं, "मोत्यासारखा हा रे!" म्हणाले आणि मला ठेवून घेतलं. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी वहीत 'चार बाह्या बसवणे' असं लिहिलं. स्लीव्हला शाळेत बाहीच म्हणत. एका लॉरीवाल्याने ती नोंद वाचून मिस्त्रींना विचारलं, "काय मिस्त्री, शिवणकाम कधीपासून?"

स्लीव्ह म्हणजे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, नळकांडं. इंजिनात ज्या गोल भोकातून पिस्टन वरखाली धावतो, ते झिजलं की मोठं करायचं आणि आत हे नळकांडं दाबून बसवायचं. नुसतं बसून भागत नाही, ते रुतायला हवं. म्हणून ते भोकापेक्षा केसभर जाड ठेवतात. त्या केसभराला मिस्त्री 'तीन थाऊ' म्हणत. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक थाऊ. परळच्या गिरणीच्या वर्कशॉपात वीस वर्षं त्यांनी थाऊच मोजले. बायकोचा वाढदिवस कुठला, ते त्यांना आठवत नसे.

तर दातांचे डॉक्टर विद्याधर कारखानीस यांची गाडी आली. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली जुनी दोनसीटर. डॉक्टरांना ती पुरेशी पळेना, म्हणून एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर लावले, इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, घासून पातळ केलं. गाडी पळू लागली आणि इंजिन आतून सोलून निघालं. भोकं आधीच दोनदा मोठी केलेली होती, भिंती पापडासारख्या राहिल्या होत्या. ज्या ओतीव ठोकळ्यात ही भोकं असतात तो ब्लॉक नवा विलायतेहून आणायचा तर परवाना मिळेतो डॉक्टरांचेच दात पडले असते.

"स्लीव्ह घालूक एकदाच जमतला," मिस्त्री म्हणाले. "परत नाय. पण माझी स्लीव्ह हलली ना डॉक्टर, तर दुकानाची पाटी उतरवीन."

असं बोलून त्यांनी मुंडी ब्लॉकात घातली. यंत्राच्या पट्ट्याचा खडखडाट चालू होता. माप घेऊन आतूनच ओरडले, "लिही! पावणेतीन इंच! वर तीन थाऊ!"

मला ऐकू आलं, "वरती ठाऊक?" लेथवर काम करणारा आमचा टर्नर चंद्रप्रकाश शेडच्या वरच्या अंगाला, चढावर, म्हणजे वरतीच बसत असे; चिठ्ठी त्याला द्यायची हे ठाऊक आहे का, असं विचारताहेत असं मला वाटलं. मी मोठ्या तत्परतेने ओरडलो, "ठाऊक आहे!" चिठ्ठीवर मोत्यासारखं 'पावणेतीन इंच' लिहिलं आणि वरती देऊन आलो.

चार दिवसांनी स्लीव्ह आल्या. मिस्त्रींनी पहिलीला तेल लावलं, भोकावर ठेवली आणि दाबायच्या प्रेसचं चाक फिरवायला वळले. परत पाहतात तो स्लीव्ह आपण होऊन खाली उतरलेली. सासरी आलेल्या जावयासारखी, कुणी बोलवायच्या आत.

मिस्त्रींनी चिठ्ठी मागवली, वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मेल्या, कान भोराक ठेवून इलंस काय?"

चंद्रप्रकाश खाली आला. "चिट्ठी में जो लिखा सो किया," तो म्हणाला. "मैंने सोचा, मिस्त्री कुछ नया सोच रहे हैं." ओतीव माल तेवढाच होता, डॉक्टरांनी एका बोटीवरच्या इंजिनियरच्या हातापाया पडून मिळवलेला. आता दुसरा नव्हता. चंद्रप्रकाशने हळूच तोड काढली, "बाहर से तांबे का पानी चढ़ा दो. टाइट हो जाएगा. किसको पता चलेगा?"

"इंजिनाक कळतला," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टर आले. त्यांची रविवारी मित्रांशी लोणावळ्यापर्यंत पैज होती. तेही म्हणाले, "अहो, पातळसा पत्रा घाला मध्ये. पैज झाली की बघू."

"डॉक्टर, दातात चांदी भरताना तुम्ही खाली कागद घालतास?"

पैज पंधरा दिवस पुढे गेली.

मिस्त्री शेडमागच्या आपल्या खोलीकडे निघाले; मी अपराध्यासारखा मागे. अंगणात तुळशीची कुंडी होती आणि कुंडीखाली उंच गोल खांब. चुन्याने रंगवलेला, वर गेरूचे पट्टे, हळदीकुंकवाची पुटं. मिस्त्रींनी त्यावर बोटाने टकटक केली. तेव्हा मला समजलं की हा गिरणीच्या भंगारातला बिडाचा पोकळ रोलर आहे आणि मिस्त्रींच्या बायको रुक्मिणीकाकी दहा वर्षं त्याला नमस्कार करताहेत.

"हात लावलात तर बघा," आतून आवाज आला.

"अगो, दहा पावसाळे खाल्लेला बीड. लोणच्यासारखा मुरलाहा. आता वाकडा होवचा नाय. असो माल बाजारात मिळूचो नाय."

"बारा दिवसांनी तुळशीचा लगीन. तुळस काय माझ्या डोक्यार ठेवू?"

मिस्त्रींनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "वृंदावन ह्यो देतलो. चूक ह्याची."

"देतो ना काकी," मी म्हणालो. "लग्नाच्या आत देतो."

काकींनी मला नखशिखांत पाहिलं आणि कुंडी उचलली. ती ठेवताना फुटली, तेही माझ्याच खाती गेलं. तुळस डालड्याच्या डब्यात गेली.

लेथवर पहिला काप बसला तसा चुना उडाला, गेरू उडाला, शेवटी कुंकू उडालं. चंद्रप्रकाशने लेथ थांबवला, कपाळाला हात लावला, "माफ करना मैया" म्हणाला आणि पुन्हा सुरू केला. चिठ्ठी या वेळी मीच लिहिली होती. पण आधी मिस्त्रींनी माझ्याकडून 'थाऊ' हा शब्द पाढ्यासारखा वीसदा म्हणून घेतला होता.

पहिल्या तीन स्लीव्ह कुरकुरत, रडतखडत आत गेल्या. मिस्त्रींना ती कुरकुर ऐकून इतका आनंद झाला की ते गुणगुणायला लागले. चौथी सगळ्यात पातळ भिंतीशेजारची. ती अर्धी गेली आणि ब्लॉकमधून आवाज आला, 'टक्'.

मिस्त्रींचं गुणगुणणं थांबलं. डॉक्टर स्टुलावर बसले होते, ते उभे राहिले. भिंतीला चीर गेली असेल तर गाडी भंगारात आणि पाटी खाली. मिस्त्रींनी आतून रॉकेल चोळलं, बाहेरून भिंतीला खडू फासला आणि बिडी पेटवली. चीर असली तर रॉकेल झिरपून खडूवर काळी रेघ उमटते. आम्ही तिघे त्या पांढऱ्या खडूकडे असे बघत होतो की मॅट्रिकच्या निकालाकडेही मी तसा बघितला नव्हता. बिडी संपली. खडू कोरडाच होता.

"बसता बसता कण्हली," मिस्त्री म्हणाले आणि चाकाला हात घातला.

इंजिन जुळल्यावर गाडी चाचणीला आरे कॉलनीच्या चढावर नेली. डॉक्टर चालवायला, मिस्त्री शेजारी, आणि जागा नसल्यामुळे मी खाली म्हशींच्या सोबतीला. तोच चढ दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून, सहा वेळा. प्रत्येक फेरीला म्हशी रवंथ थांबवून बघत. सहाव्या फेरीला रेडिएटरमधून वाफा निघत होत्या, डॉक्टरांच्या डोक्यातूनही. मिस्त्री उतरले, बॉनेट उघडलं, मान वाकडी करून ऐकत राहिले.

"डॉक्टर, आता ह्या इंजिन उघडू नका. कोणी सांगल्यान तरी."

डॉक्टर पैज हरले. वाटेत टायर फुटला. इंजिन मात्र त्यानंतर तीन वर्षं कुणी उघडलेलं नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे शौकीन आपापली सोललेली इंजिनं घेऊन आमच्याकडे येतात आणि 'तुळशीवालं बीड' मागतात. ते संपलं, हे सांगायचं काम माझं.

तुळशीचं लग्न त्या वर्षी डालड्याच्या डब्यात लागलं. पुढच्या वर्षीही लागलं, त्याच्या पुढच्याही. मी दर कार्तिकात म्हणतो, "काकी, या पगाराला नक्की." काकी चहा हातात न देता खाली तुळशीच्या डब्याशेजारी ठेवतात, आणि मला तो वाकून घ्यावा लागतो.