पाचवी पातोळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, पंचवीस वर्षं ज्याच्या शेजारी बसून कंपनीच्या बसने पेण ते रोहा ये-जा केली त्या मित्रालाही नाही. देवाला ठाऊक असेल, पण मी होऊन त्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धाडस वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट खाण्याची आहे. हसू येईल तुम्हाला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, नातीचा आजोबा, आणि कबुली कसली देतोय, तर गोड खाल्ल्याची? लोक काय काय लपवून ठेवतात आणि याच्याकडे लपवायला मिळालं ते चॉकलेट! हसा खुशाल. मीही बरीच वर्षं असंच हसून वेळ मारून नेली.

गोडाचं वेड मला लहानपणापासून. आमचं मूळ गाव पेणपासून जवळच, खाडीच्या अंगाला. वडील मिठागरावर कामाला. घरात मिठाला तोटा नव्हता, साखर मात्र पाहुणा आला तरच दिसायची. पण आईच्या हातात काय होतं कोण जाणे. मूठभर तांदळाचं पीठ, अर्धा नारळ आणि गुळाचा खडा, एवढ्यावर ती सांदण करायची, नारळाच्या रसातल्या शिरवळ्या करायची आणि श्रावण लागला की पातोळ्या. हळदीच्या पानावर पीठ थापायचं, मधे गूळ-खोबरं, पान दुमडायचं आणि वाफेवर ठेवायचं. टोपाच्या बुडाची खरवड माझी. बहिणीच्या वाट्याचंही बरेचदा मीच खायचो. आई मला गोडघाशा म्हणायची, आणि म्हणताना वाढायचीही.

चॉकलेट भेटलं ते नोकरीला लागल्यावर. रोह्याला कंपनीत शिफ्ट सुटली की बस सुटायला पंधरा-वीस मिनिटं असायची. तिथे जवळच एक बाई घरी चॉकलेटं बनवायच्या. साच्यात घातलेली, काहींत शेंगदाणे, काहींत खोबरं, आणि वर लाल, निळा, सोनेरी चांदीचा कागद गुंडाळलेली. पहिलं खाल्लं त्या दिवशी मी बसमध्ये कोलाड येईपर्यंत कुणाशी बोललो नाही. तोंड उघडलं तर चव जाईल असं वाटत होतं. वेडेपणाच, पण होतं असं. मग रोजचंच झालं.

पुढे व्हायचं तेच झालं. कंपनीच्या तपासणीत शुगर निघाली. तोवर आम्ही रामवाडीला राहायला आलो होतो. मी, बायको सुनंदा, मुलगा आणि आई. वडील गेले होते. सुनंदा शिस्तीची बाई. तिने त्याच दिवशी साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर टाकला. आईलाही थोडी शुगर होती, तीही याच नियमात आली. सकाळच्या चहात गुळाचा एक लहानसा खडा, एवढी सूट तिला मिळाली. मला तेवढीही नाही.

आणि मी? मी मान डोलावली. बिनसाखरेचा चहा प्यालो. चार लोकांत सांगितलं, बघा, मनावर घेतलं की सगळं सुटतं. आणि दुसऱ्या दिवशी रोह्याला त्या बाईंच्या दारात उभा. जित्याची खोड!

आईची खाट बाहेरच्या खोलीत, दाराजवळ. मी कामावरून आलो की त्या खाटेवरच बसून बूट काढायचो. आई त्या वेळी मागच्या दारी फुलझाडांना पाणी घालत असायची. सुनंदा स्वयंपाकघरात. खिशातलं शेवटचं चॉकलेट मी तिथेच खायचो, आणि चांदी गादीच्या कडेखाली सरकवायचो. उद्या जाताना उचलून फेकू म्हणायचो. कधी फेकायचो, कधी विसरायचो.

एके दिवशी सुनंदाने उन्हात टाकायला गादी उचलली.

मी घरी आलो तेव्हा त्या चुरगळलेल्या चांद्या स्टुलावर मांडून ठेवल्या होत्या. सुनंदा रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. आईंना कोण आणून देतं हे, उद्या काही झालं तर, असं काहीबाही बोलत होती. आई खाटेवर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती — कशासाठी, ते मला आज कळतं. मी ओळखीन म्हणून. एकदा मी तिला चॉकलेटचा तुकडा दिला होता, तर करपलंय म्हणून तिने तो अंगणात थुंकला होता आणि गुळाचा खडा खाऊन तोंड गोड केलं होतं. हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हा काय करायला हवं होतं? मी खाल्लं, एवढंच. दोन शब्द. फार तर सुनंदा चिडली असती, चार दिवस अबोला धरला असता. मी काय केलं? मी आईसमोर उकिडवा बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, आई, या वयात असं करू नये. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? आवाजही कसा — मायेचा! आई म्हणाली, "मी नाय खाल्लं, बाला." बस. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सुनंदाने दुसऱ्या दिवसापासून तिच्या चहातला गूळ बंद केला.

इथवरचं ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरला माणूस, झालं, होतं असं. म्हणू नका. कारण यापुढचं भीतीने झालेलं नाही. यापुढे मी चांद्या विसरायचं सोडून दिलं. म्हणजे मुद्दाम ठेवू लागलो. कधी गादीखाली, कधी तिच्या पानाच्या चंचीत. मला आता सोयच झाली होती ना? घरात चॉकलेट कोण खातं, हे एकदा ठरून गेलं होतं. माझ्यावर कुणाचा डोळाच नव्हता. आईच्या नावाआड मी दोन वर्षं मजेत खाल्लं. पाहुणे आले की तिच्या चोरीच्या गमती सांगितल्या जायच्या आणि हसणाऱ्यांत मी पुढे. आई तिथेच बसून वाती वळत असायची.

आता गौरीचं सांगतो. आमच्याकडे गौर येते आणि पूजेच्या दिवशी तिला पातोळ्यांचा नैवेद्य असतो. तो घरातल्या वडीलधाऱ्या बाईने करायचा, उपाशीपोटी. चाखायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. आई सारणातला गूळ दोन बोटांत चोळून पाहायची आणि त्यावरून बरोबर की कमी ते सांगायची. सासूच्या मागे तो तिच्याकडे आल्यापासून तिने कधीही न चाखता नैवेद्य केला होता आणि एकदाही चुकला नव्हता. पहिल्या वाफेच्या पाच पातोळ्या गौरीच्या. त्या वेगळ्या ताटात झाकून ठेवायच्या, मग बाकी घरासाठी. बाकी दिवस कुणी काहीही बोलो, त्या एका सकाळी स्वयंपाकघर आईचं असायचं. सुनंदाही विचारून आत यायची.

त्या वर्षी मी नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आलो. सुनंदा न्हाणीघरात होती. मुलगा झोपलेला. आई गौरीला फुलं काढायला मागच्या दारी गेली होती. दुसरी वाफ चुलीवर होती. आणि ओट्यावर ते झाकलेलं ताट.

मला भूक होती असं म्हणू? नव्हती. कंपनीच्या कँटीनमध्ये खाऊन आलो होतो. पण सगळ्या घरात हळदीच्या पानाचा वास कोंदला होता आणि ताट उघडलं तर अजून वाफ येत होती. मी एक उचलली. पान सोललं. उभ्या उभ्या दोन घासांत खाल्ली. पान गुंडाळून शर्टाच्या खिशात घातलं आणि बाहेर जाऊन खाटेवर पेपर घेऊन बसलो. गौरीला चार ठेवल्या. मी काय विचार केला होता? काही नाही. विचार करावाच लागत नव्हता, दोन वर्षांत तशी सवयच झाली होती.

सुनंदाने ताट उघडलं, तर आत चारच. उष्टा नैवेद्य! दुसऱ्या कुठल्या वर्षी तिने आधी मांजर शोधलं असतं, खिडकी पाहिली असती. त्या दिवशी तिने काही शोधलं नाही. आई फुलांची परडी घेऊन दारात उभी होती. सुनंदा तिला एवढंच म्हणाली, तुम्ही बसा बाहेर, मी करते. अगदी हळू. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं का? काय माहीत.

आई बाहेर आली. माझ्यासमोरून जाताना थांबली. मी पेपर तोंडापुढे धरला होता, पण खिशातल्या ओल्या पानाचा वास पेपरने अडतो थोडाच? ज्या बाईने जन्मभर त्या पानांवर पीठ थापलं, तिला तो वास कळणार नाही? ती माझ्या खिशाकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "गौरीच्या आधी मी तोंड लावीन, असं वाटतं तुला?"

मी पेपरचं पान उलटलं.

हो. एवढंच केलं मी. आत सुनंदा सगळं फेकून पुन्हा पीठ भिजवत होती. आईने न्हाणीत जाऊन हात धुतले, खूप वेळ धूत होती, आणि मग खाटेवर येऊन बसली. ती त्या दिवशी जेवली नाही. उपास सोडायला सांगायला मीच गेलो होतो, हेही सांगून ठेवतो.

पुढच्या वर्षी नैवेद्य सुनंदाने केला. आईला कुणी नाही म्हटलं नाही. तिने स्वतःच विचारलं नाही. हार ओवत बाहेर बसली. सुनंदाला सारणाचा अंदाज येईना, तशी ती बाहेर येऊन विचारू लागली, गूळ किती घालू. आईने बोट लावलं नाही, तोंडाने सांगितलं. माझ्या आईने पुन्हा त्या ओट्याला हात लावला नाही.

तिला सगळं कळलेलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. जायच्या आधी महिनाभर ती अंथरुणाला खिळली होती. एका दुपारी मी पायाशी बसलो होतो. सुनंदा औषध आणायला गेली होती. आई म्हणाली, "खायाचं तर सुनंदाच्या समोर खा. लपून खाल्लेलं अंगाला लागत नाय." रागाने नाही, लहानपणी सांगायची तसं. मी म्हणालो, पड तू, बोलू नकोस. तिच्या तोंडावर, तीच एकटी समोर असताना, दार बंद असताना — तेव्हाही मला दोन शब्द बोलता आले नाहीत. ती गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारी तृप्त गेली, काही इच्छा राहिली नाही. मला वाटलं, तो अडून बसला असता तर बरं होतं, मला बोलावं तरी लागलं असतं. खोटं. अडून बसला असता तर मी दर्भाचा कावळा करायला लावला असता. मी मला ओळखतो.

हे सगळं आज का आठवलं? आठवलं नाही, ते जातच नाही. पण परवा आमच्याकडे पितरांचं पान होतं. सुनंदा दर वर्षी भात, वरण, वडे, खीर वाढते आणि पानाच्या कडेला चॉकलेट ठेवते. चांदी काढून, स्वतःच्या हाताने. आईंना आवडायचं म्हणून. माझ्या नातीने आईला पाहिलेलंही नाही. तिला ती एवढीच ठाऊक आहे — "चॉकलेटवाली पणजी." नात हे म्हणते आणि घरातले सगळे मायेने हसतात. जिला चॉकलेट थुंकावंसं वाटलं, जिने देवीच्या आधी कधी काही चाखलं नाही, तिचं या घरात उरलं ते हे नाव. ते मी ठेवलं.

पान छपरावर ठेवून आल्यावर सुनंदा जरा वेळ जिन्यातच बसली. दर वर्षी बसते. डोळे पुसत म्हणाली, "मी फार कडक वागले त्यांच्याशी. एक चॉकलेट दिलं असतं मेलं, तर काय झालं असतं?" आठ वर्षं ती हे मनात घेऊन फिरते आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, तू तिच्या भल्यासाठीच केलंस. ते ऐकून तिला बरं वाटलं. मग तिने पदराला हात पुसले, राहिलेल्या चॉकलेटचा एक तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला, आजच्या दिवस चालतं म्हणाली, आईंचा प्रसाद आहे.

मी घेतला आणि तिच्या समोर खाल्ला. चव चांगली होती.