दोन राजे आणि एक टोपी

हातात दोन राजे आले आणि मी टोपी काढून मांडीवर ठेवली. चूक एवढीच. मला वाटलं, उकडतंय.

दिवाळीच्या पाडव्याची दुपार होती. शनवारा पेठेत सासऱ्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही पाचजण पत्ते खेळत होतो. हा खेळ निंबोल्याच्या माझ्या साडूंनी आणला होता. चांदनी स्टेशनावरच्या एका गोऱ्या गार्डाकडून शिकून आलेले. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मधोमध तीन उघडी, ती सगळ्यांची. आपली दोन त्यांना जोडून ज्याचं भारी, त्याचा डाव. पैसे लावायला सासऱ्यांची बंदी, म्हणून कवड्या.

सकाळी फराळ करताना साडू मला म्हणाले होते, "मास्तर, शेवटी आपण दोघंच उरलो ना, तर पानं खाली टाकून डाव सोडून द्यायचा. साडूनं साडूला काय नागवायचं?" मी लगेच हो म्हटलं. शाळेत मुलांना शब्द पाळायला शिकवणारा माणूस मी, दुसरं काय म्हणणार!

मधली पानं उघडली. नव्वी, चौकी, दुर्री. सगळा गाळ! माझ्या राजांच्या वर जाणारं एकही नाही. मी दहा कवड्या सरकवल्या. दोघांनी पानं टाकली, सासरेही मागे टेकले. उरलो आम्ही दोघं. मी पानं खाली ठेवायला गेलो, तर साडू म्हणाले, "थांबा की. माझ्या हाती तर काही नाही, उगी बसलोय. पण मामांना जरा गंमत तर येऊ द्या. कवड्यांनी काय होतं? काही वस्तू लावा." आणि बोटातली चांदीची अंगठी काढून त्यांनी सतरंजीवर ठेवली.

मी समजलो, नाटक आहे. उठलो आणि ट्रंकेतून कागदात गुंडाळलेलं लुगडं घेऊन आलो. हिरवं, जरीच्या काठाचं. ओळखीच्या विणकराकडे चार खेपा घालून, रंग दोनदा बदलून घेतलेलं. संध्याकाळी ओवाळणीत बायकोला द्यायचं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

सासरे म्हणाले, "जावईबापू, हे कशाला?"

"घरातल्या घरात आहे, मामा," मी म्हणालो. वर हसलोही.

मी राजे उघडले. साडूंनी सावकाश एक नव्वी ठेवली, मग दुसरी. मधली धरून तीन, माझ्या जोडीपेक्षा भारी. ओसरीवर हशा पिकला. मीही हसलो, कारण आता ते पुडकं माझ्याकडे परत सरकणार होतं.

ते सरकलं नाही. साडूंनी काखेत मारलं.

"अहो, सकाळचं बोलणं?"

"सकाळी तुमची टोपी डोक्यावर होती, मास्तर. ती उतरली की तुमच्या हाती काहीतरी मोठं असतं, आणि मग तुम्ही उठत नाही."

पत्त्यांनी दगा दिला तर माणूस नशिबाला बोल लावून मोकळा होतो. मी दुपारभर मागच्या अंगणात विहिरीच्या काठावर बसून होतो आणि एकच विचार करत होतो, की टोपीचं यांना सांगितलं कुणी? मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं ते.

संध्याकाळी ताई, म्हणजे बायकोची थोरली बहीण आणि साडूंची बायको, तेच लुगडं नेसून आल्या. बायकोनं त्यांचा पदर हातात घेतला, काठ उलटून पाहिला आणि सोडला. ते लुगडं कुठून आलं, हे कुणीतरी तिला सांगितलं असावं.

मग ती तबक घेऊन माझ्यासमोर आली. मी रिकाम्या हातांनी पाटावर बसलेलो, टोपी मांडीवरच, मान खाली. ती हळूच म्हणाली, "टोपीचं ताईला मीच सांगितलं होतं. आमचे हे खूश झाले की आधी टोपी काढतात, असं. कौतुकानं सांगितलं हो. ती घरी जाऊन भावजींना सांगेल, हे कुठं माहीत होतं!" आणि निरांजन उचलत म्हणाली, "आता बोडकं डोकं ओवाळू का? घाला ती."