पाणंदीतली सतरंजी

दोन सरकारी खात्यांना एकमेकांशी बोलायला लावणारा माणूस आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या बहिणीचा थोरला दीर आहे. मी त्यांना दादा म्हणतो. चाकणकडच्या गावांसाठी ते पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. सरकारी योजना लहान वाड्यावस्त्यांपर्यंत पोचतात की नाही ते बघणं हे त्यांचं काम. प्रत्यक्षात नोकरीची बरीच वर्षं त्यांनी निरोप पोचवण्यात घालवली. ‘‘पाणीपुरवठा आणि बांधकाम या एका घरातल्या दोन जावा,’’ ते सांगत. ‘‘एक रस्ता करते, दुसरी तो नळासाठी उकरते. भांडण नाही हो. बोलणंच नाही.’’

या अबोल्यावर त्यांचा एकच उपाय होता. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी. ती मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधलेली असे. काम जिथे अडलं असेल तिथेच ती अंथरायची, संबंधित अधिकाऱ्यांना तिच्यावर बसवायचं आणि प्रत्येकाने ‘माझं काम एवढं’ असं म्हणून आपला वाटा मोठ्याने सांगेपर्यंत कुणाला उठू द्यायचं नाही. दुसऱ्याने काय करावं हे सांगायला मनाई होती. खुर्च्यांना तर सक्त मनाई. ‘‘खुर्चीवर बसलं की माणसाला आपल्या खात्याचं नाव आठवतं,’’ असं त्यांचं मत होतं. स्वतःच्या कचेरीतही ते बहुधा उभेच असत.

घरीही सुटका नव्हती. पुतणीच्या लग्नात ताथवड्याच्या कार्यालयात जेवणवाला आणि मांडववाला यांच्यात पंख्यांवरून वाद झाला. दादांनी दोघांना सतरंजीवर बसवलं, आणि सगळ्यांचं एकदाच होऊन जाऊ दे म्हणून भटजींनाही. मुहूर्ताला सात मिनिटं उरली होती. ‘‘माझं काम मंगलाष्टकं म्हणायचं,’’ भटजी घड्याळ दाखवत म्हणाले, ‘‘तेवढं करू देता का?’’ दादांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि मगच त्यांना सोडलं.

मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. बातमी मिळेल म्हणून एका सोमवारी त्यांच्याबरोबर एका वस्तीवर गेलो. तीसेक घरं, दोन बाजूंना कारखान्यांच्या भिंती. प्रत्येक दारात नळ होता. नळाला दोन वर्षांत थेंबभर पाणी आलं नव्हतं. कागदावर योजना पूर्ण होती.

‘‘नळाचा उपयोग न्हाई असं कोन म्हनतं?’’ पहिल्याच घरातल्या मंजुळाबाई म्हणाल्या. साठीच्या बाई, गुडघे धरलेले. ‘‘टावेल वाळत घालतो की आमी त्याच्यावर.’’

पाणी मंजुळाबाई शेजारच्या कंपनीच्या गेटवरून आणत. पहिली शिफ्ट आत गेली की वॉचमन तिथला नळ सोडायचा. पण कंपनी दुसरीकडे चालली होती आणि शनिवारी गेटला कुलूप लागणार होतं. त्यानंतरचा जवळचा नळ हमरस्त्याच्या पलीकडे होता. हंडा घेऊन, कंटेनर चुकवत. ‘‘सून कामावर जाती. मलाच जावं लागंल,’’ मंजुळाबाई म्हणाल्या. ‘‘आन् ह्या गुडघ्यांनी मी काय पळनार, साहेब?’’

अडचण काय होती ते दादांनी पावलांनी मोजून दाखवलं. औद्योगिक वसाहतीने आपल्या हद्दीपर्यंत पाइप आणला होता. गावाच्या पाणीपुरवठा खात्याने वस्तीपासून आपल्या हद्दीपर्यंत आणला होता. मधे शेताकडे जाणारी जुनी पाणंद होती, बारा फुटांची. ती महसूल खात्याची, म्हणून दोघांनीही ती अंदाजपत्रकात धरली नव्हती. दोन्ही पाइप तोंडाला टोपणं लावून एकमेकांकडे बघत पडले होते.

दादांनी बरोबर मधे सतरंजी अंथरली. वसाहतीचे इंजिनिअर, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, तलाठी आणि ग्रामसेवक बूट काढून उन्हात बसले.

‘‘आमच्या हद्दीतलं काम पूर्ण आहे,’’ वसाहतीचे म्हणाले.

‘‘आमचंही,’’ पाणीपुरवठ्याचे म्हणाले.

‘‘अभिनंदन,’’ दादा म्हणाले. ‘‘आत्ता आपण कुणाच्या हद्दीत बसलोय?’’

सगळ्यांनी तलाठ्याकडे पाहिलं. ‘‘परवानगी मी आजही देतो,’’ तलाठी म्हणाला. ‘‘पण अर्ज कुठाय? दोन वर्षांत एक अर्ज न्हाई आला, राव.’’

अर्ज दुसरा करील असं दोघांनाही वाटलं होतं. दादांनी खिशातून कोरा कागद काढून ग्रामसेवकापुढे ठेवला. तेवढ्यात मंजुळाबाई तांब्या घेऊन आल्या. ‘‘घ्या, गेटवरचं हाय. शनवारनंतर आलात तर हे बी न्हाई मिळायचं.’’

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर पाणी प्यायले आणि त्यांनी तांब्या पुढे दिला. ‘‘माझं काम एवढं,’’ ते खाली बघत म्हणाले. ‘‘बारा फूट पाइप. स्टोअरमध्ये पडलाय.’’ वसाहतीच्या इंजिनिअरांनी फिटर आणि खोदाई कबूल केली. तासाभरात सह्या झाल्या.

बुधवारी चर खणल्यावर कळलं की एक पाइप लोखंडी आहे, दुसरा प्लास्टिकचा, आणि मापं जुळत नाहीत. बाजारात तसा जोड मिळेना. दादांनी मला मागे बसवलं, माझ्या मांडीवर दोन्ही पाइपांचे तुकडे दिले आणि तळवड्यातला एक लेथवाला गाठला.

‘‘कुठल्या खात्याचं काम हे?’’ त्याने विचारलं.

‘‘ते ठरायचंय अजून. तोवर तुम्ही करून ठेवा.’’

शुक्रवारी सकाळी मंजुळाबाईंच्या नळातून आधी नुसती हवा आली, मग गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ. नळ दोन वर्षं उघडाच राहिला होता. वरचा टॉवेल चिंब झाला. ‘‘अगं बया, आता टावेल कुठं घालू?’’ त्या ओरडल्या आणि हसतच राहिल्या. दादांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. त्या आठवड्यात त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ‘‘टॉवेलचं माझ्याकडे येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण बोलून बघतो.’’

बातमी छापून आली नाही. नळाला पाणी आलं, यात बातमी काय, असं संपादकांना वाटलं.

निवृत्तीनंतर दादांना ती जागा पुन्हा बघायची होती, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही गेलो. सवयीने सतरंजी बरोबर होतीच. पाणंदीत ते बराच वेळ पावलं मोजत फिरले. पाइप जमिनीखाली, वर गवत. बारा फूट कुठून कुठवर होते ते काही सापडेना.

‘‘काय हरवलं का, साहेब?’’ मंजुळाबाईंनी दारातून विचारलं. मग त्यांची नजर सतरंजीवर गेली. ‘‘किती मळलीया ही! आना हिकडं.’’ आणि दादा नको नको म्हणत असताना त्यांनी ती आपल्या नळाखाली धुवायला घेतली.

धुऊन ती दोरीवर वाळत पडली. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. दादा थोडे घुटमळले आणि बसले. पट्ट्यांवरून पाणी ठिबकत होतं, तिकडे बघत राहिले.

‘‘मग,’’ मी विचारलं, ‘‘आठवतंय का खात्याचं नाव?’’

त्यांनी खरंच थोडा विचार केला. ‘‘नाही बुवा,’’ ते म्हणाले, आणि सतरंजी वाळेपर्यंत तसेच बसून राहिले.