न थांबलेला पंखा

अल्माटीच्या बाजारात सांजारच्या कॅसेटच्या दुकानापुढे कुलाश थबकली. आत गाणं नव्हतं, नुसती एकसुरी घरघर चालू होती. कारागांडीच्या खाणीत कामगारांना दिवे देण्यात तिची तीस वर्षं गेली होती. खाणीत हवा सोडून वायू साचू न देणारा, दर फेऱ्याला किंचित अडखळणारा तो पंखा तिने लगेच ओळखला.

"आपा, हे यंत्रांच्या आवाजाचं संगीत, तुमच्या वयाचं नाही," सांजार हसला. "तरुण पोरंसुद्धा विचारतात, फ्रिज बिघडलाय का?"

"कधी टिपलंस हे?"

"अकरा मार्चला. सकाळभर खाणीच्या कुंपणाबाहेर कुडकुडत बसलो आणि दुपारच्या गाडीने परतलो."

त्याच दुपारी खाणीत वायूचा भडका उडून तिचा मुलगा येर्किन गेला होता. पंखा क्षणभरही थांबला नव्हता, येर्किननेच आत सिगारेट पेटवली, असा चौकशीचा निकाल होता. कुलाश स्टुलावर बसली. तिने पूर्ण कॅसेट कान देऊन ऐकली. घरघर कुठेच तुटली नाही.

"म्हणजे चालूच होता," ती कशीबशी म्हणाली.

"कुठला चालू! मध्ये वीस मिनिटं बंद पडला होता. पण आमच्या संगीतात सूर तुटून कसं चालेल? मागचाच तुकडा लावून भोक बुजवलं. सापडला का सांधा?"

"मूळ टेप कुठंय?"

"ती पुसून दुसरं काही भरलं, आपा. का हो?"

पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्याने कॅसेट पुन्हा लावली होती. कुलाशने हात पुढे करून ती बंद केली.