चुकलेला ठोका

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. आजही जातो. पण ही एक गोष्ट काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

ऐंशीचं दशक. अंधेरीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आमचा कॉम्प्युटर ग्रुप होता. प्रदर्शनासाठी आम्ही नाडी मोजणारं यंत्र बनवत होतो — बोटातून प्रकाश सोडणारी क्लिप लावायची, की प्रत्येक ठोक्याला 'टुक' वाजायचं आणि टीव्हीवर रेघ उसळायची. सोल्डरिंग सगळं नंदूचं. नंदू वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, हात एकदम साफ. तपासायलाही बोट त्याचंच, आम्हाला कंटाळा यायचा ना!

गंमत अशी, की आमची बोटं लावली तर ठोके बरोबर. नंदूचं लावलं की टुक, टुक, टुक... आणि चौथा गायब. क्लिप बदलली, वायरी बदलल्या, तरी तेच. आमचे सर हसून म्हणाले, "अरे, होडीचे दोर ओढून याचं कातडं जाड झालंय. प्रकाश आत जाणार कसा?" सगळे हसले. नंदूही हसला.

मग म्हणाला, "सर, एकदा डॉक्टरला दाखवू का?"

"प्रदर्शन तोंडावर आलंय आणि तुला डॉक्टर सुचतोय? प्रोग्राम बदल. मधला एखादा ठोका आला नाही, तर त्याने आपला एक भरून टाकायचा. पाहुण्यांसमोर पडदा झकास दिसला पाहिजे!"

नंदूने तसा प्रोग्राम लिहिला. स्वतःचा चुकणारा ठोका स्वतःच्याच हाताने झाकला रे त्याने! प्रदर्शनाच्या थोडं आधी बंदरावर मासळीची टोपली उचलताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले.

प्रदर्शनाला त्याची आई आली. पोराने काय बनवलंय ते तिला बघायचं होतं. सर हात जोडून म्हणाले, "अचानकच झालं हो मावशी. कुणाला कळायला काही मार्गच नव्हता."

आणि यंत्र वाजलं. टुक, टुक, टुक... मग काहीच नाही. पुन्हा टुक, टुक, टुक...

क्लिप टेबलावर रिकामी पडली होती. तो भरून टाकणारा प्रोग्राम चालू होता, मध्ये खंड पडणं शक्यच नव्हतं. "लूज कनेक्शन," सर पुटपुटले, "बंद कर रे." मी क्लिपची वायरच उपटली. तरी वाजतच होतं.

मावशी पडद्याजवळ गेली. "यो कोनाचा ठोका हाय रं, पोरा?"

सरांनी माझा दंड दाबला. इतका संताप आला मला! हात झटकून म्हणालो, "नंदूचा, मावशी. असाच चुकायचा. आम्हाला रोज दिसत होतं."

आवाज तिथेच थांबला. पडद्यावर नुसती सपाट रेघ.

"मंग मना कोनी सांगला का नाय?" ती सरांना म्हणाली.

सर दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले. संध्याकाळी बक्षीस घ्यायला मात्र स्टेजवर हजर. परीक्षकांना पडदा फार आवडला होता म्हणे.

रिकामी क्लिप कशी वाजली, ते मला आजही सांगता येत नाही. पुढे कितीतरी सर्किटं उघडली, डोकं फोडलं, काही सापडलं नाही. पण मावशीने शेवटी सरांना जे विचारलं, त्याचं उत्तर आम्हा सगळ्यांना तेव्हाच माहीत होतं... आणि ते तिला कुणीच दिलं नाही.