खाली नाव कोणाचं?

“लिवलं हाय ना? मंग असन.” आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर चष्मा कपाळावर चढवून हे म्हणाले, की समजायचं, आता ते स्कूटर काढणार.

मी त्याच शाळेत गणित शिकवते. मुलांच्या हाती एआय आल्यापासून आठवीचे इंग्रजी निबंध इतके सुंदर यायला लागले, की ते वाचून आम्हालाच न्यूनगंड यायचा. बाकीचे शिक्षक चिडायचे.  सर मात्र प्रत्येक निबंध खरा मानायचे आणि खात्री करायला मुलांच्या घरी जायचे.

एका मुलानं आजीच्या बागेवर लिहिलं होतं. त्यात गुलाब होते, आंब्याला बांधलेला झोपाळा होता. रविवारी सर गुलाबाचं रोप घेऊन कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये त्याच्या घरी पोचले. क्वार्टर वरच्या मजल्यावर, बाग कुठली! आजीनं गोंधळून चहा केला. सरांनी रोप जिन्यात ठेवलं आणि झोपाळ्याचं पुढं बघू, असं सांगून निघाले. तो मुलगा आठवडाभर त्यांच्यासमोर आला नाही, पण रोपाला पाणी घालायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

“सर, हे मोबाइल लिहून देतो. तुम्हाला कळतं ना?” मी एकदा न राहवून विचारलं.

“कळते ना, मॅडम. पन खाली नाव कोनाचं हाय?”

मग एका मुलीचा निबंध आला. विषय ‘माझे बाबा’. बाबा दर रविवारी मला सायकल शिकवतात, असं त्यात होतं. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेले होते आणि जवळच्या सुपेल्यात एका वेल्डिंगच्या दुकानात काम करत होते, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. घरगुती मामला आहे, जाऊ नका, असं मी सरांना बजावलं. आणि सुपेल्यात मलाही काम होतं, म्हणून त्यांच्याच स्कूटरवर मागे बसले.

दुकानात सरांनी निबंध आधी इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. मशीन बंद झालं.

“हे मी कधी केलं, सर? मी तं दोन सालापासून घरी गेलोच नाही.”

“पोरीनं लिवलं हाय. मंग असन.”

त्या माणसानं हातातली वेल्डिंगची काळी काच बाजूला ठेवली. मग म्हणाला, “सायकल कोन्ती हाय तिच्यापाशी?”

“ते लिवलं नाही,” सर म्हणाले.

रविवारी तो जुनी, सांधलेली सायकल घेऊन आला. घरात गेला नाही. रस्त्यावर कॅरियर धरून तिच्यामागे धावला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. मला त्या दिवशी सरांचा फार अभिमान वाटला. त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, लिहून द्या.

सर रिटायर झाले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी निरोपाचं भाषण मोबाइलकडूनच लिहून घेतलं. ‘सर सदैव आपल्यातच राहतील’ या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. 

सोमवारी पहिल्या घंटेला सर स्टाफरूममध्ये आपल्या खुर्चीत हजर. बाई चकित झाल्या.

“तुमीच तं म्हनलं, मॅडम,” सर शांतपणे म्हणाले.

त्यानंतर ते दर सोमवारी यायचे, निबंध तपासायचे, डबा खाऊन जायचे. घरी एकटेच होते. तिथं त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, हे तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. बाई तेव्हापासून भाषणं स्वतः लिहू लागल्या.

या थंडीत सर झोपेतच गेले. सोमवार आले, सर आले नाहीत. मला अजून सवय झालेली नाही.

नवीन शिक्षक येईपर्यंत निबंध माझ्याकडे आहेत. परवा त्या सायकलवाल्या मुलीचा आला. विषय ‘माझे शिक्षक’. मोबाइलचा नव्हता, मोबाइल इतक्या चुका करत नाही. तिनं लिहिलं होतं, आमचे सर दर सोमवारी येतात आणि आपल्या खुर्चीत बसतात. खाली तिचं नाव होतं.

सोमवारच होता. सरांच्या खुर्चीवर मी माझी पर्स आणि वह्यांचा गठ्ठा ठेवला होता. मी उठले आणि दोन्ही उचलून खाली ठेवली.